एकट्या पीडीएक्स-१ने स्वादुपिंड होत नाही

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: पाचकरस करणारी पेशी आणि इन्शुलिन करणारी पेशी एकाच प्रोजेनिटर, म्हणजे पूर्वज पेशीच्या पोटातून येतात, दोघींत जनुकेही तीच, मग वाटा फुटतात कुठे? पीडीएक्स-१ हे स्वादुपिंडाचे मास्टर जनुक आहे असे सगळीकडे वाचायला मिळते, तर स्टेम सेलमध्ये, म्हणजे कोणत्याही प्रकारची पेशी होऊ शकणाऱ्या मूळ पेशीत, तेवढे एक चालू केले की प्रयोगशाळेतल्या प्लेटमध्ये स्वादुपिंड तयार होईल का? आणि हे सारे उंदरांवरून कळलेले असेल, तर माणसाला ते कितपत लागू पडते?

मधल्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे म्हणून आधी देऊन टाकतो: नाही, होत नाही. हा प्रयोग झालेला आहे. कोंबडीच्या गर्भात आतड्याच्या भलत्याच भागात पीडीएक्स-१ चालू केले, तर त्या जागी आतड्याच्या अस्तराला अंकुर फुटल्यासारखा फुगवटा येतो. पण त्यात ना पाचकरसाच्या पेशी होतात ना इन्शुलिनच्या. २००६ साली बेडकाच्या गर्भात पीडीएक्स-१च्या जोडीला पीटीएफ१ए हे दुसरे जनुक दिले, तेव्हा कुठे आतड्याच्या मागच्या भागाचे खरेखुरे स्वादुपिंड झाले, दोन्ही प्रकारच्या पेशींसकट. म्हणजे एकाने भागत नाही, निदान दोन लागतात. आणि ती दोन योग्य वेळी, योग्य शेजारात चालू व्हावी लागतात. ही वेळ आणि हा शेजार हाच माझ्या मते या विषयाचा गाभा आहे. जनुकांची यादी कुणीही पाठ करतो.

आधी अवयव समोर ठेवू. स्वादुपिंडाचा बहुतेक सगळा भाग पाचक एन्झाइम तयार करणाऱ्या ॲसिनर पेशींचा आणि ती एन्झाइम लहान आतड्यात नेणाऱ्या नलिकांचा असतो. हॉर्मोन करणारा भाग वजनाने जेमतेम एक-दोन टक्के. त्याची बेटे पॉल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. ती काय करतात हे त्याला सांगता आले नव्हते. त्या बेटांत इन्शुलिनच्या बीटा पेशी, ग्लुकागॉनच्या अल्फा पेशी, सोमॅटोस्टॅटिनच्या डेल्टा पेशी, शिवाय पॅन्क्रिएटिक पॉलिपेप्टाइड आणि घ्रेलिन करणाऱ्या थोड्या पेशी. ॲसिनर, नलिका आणि बेटे, तिन्ही एकाच प्रोजेनिटर साठ्यातून येतात. प्रोजेनिटर म्हणजे स्टेम सेलइतकी मोकळी नसलेली, पण अजून काही पर्याय हातात असलेली, विभाजन पावणारी पेशी.

आता शेजार. पुस्तकातल्या आकृतीत पहिला बाण पीडीएक्स-१पासून निघतो, आणि विद्यार्थ्यांचा घोटाळा तिथूनच सुरू होतो. कारण हे जनुक चालू होण्याआधीच बरेच काही ठरून गेलेले असते. माणसाच्या गर्भात चौथ्या आठवड्याच्या सुमारास, माउसच्या (प्रयोगशाळेतल्या लहान उंदराच्या) गर्भात नवव्या दिवसाच्या आसपास, एंडोडर्म या सर्वांत आतल्या थराची नळी झालेली असते. तिच्या पुढच्या भागावर दोन कोंब येतात: एक पाठीच्या बाजूला, एक पोटाच्या बाजूला. पुढे आतडे वळते तसा पोटाकडचा कोंब मागे फिरतो आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात दोन्ही एकमेकांत मिसळतात. काही जणांत त्यांच्या नलिका जुळतच नाहीत. त्याला पॅन्क्रियाज डिव्हायझम म्हणतात आणि बहुतेकांना त्याचा आयुष्यभर पत्ता लागत नाही.

दोन्ही कोंबांचा अवयव एक, पण त्यांना आज्ञा देणारे शेजारी वेगळे. पाठीकडच्या एंडोडर्मला सुरुवातीला नोटोकॉर्ड, म्हणजे गर्भाच्या पाठीतला दोरीसारखा दांडा, चिकटून असतो. आतड्याच्या बाकी सगळ्या अस्तरात सॉनिक हेजहॉग हा संदेश चालू असतो. नोटोकॉर्डमधून येणारी ॲक्टिव्हिन आणि एफजीएफ ही संदेश देणारी प्रथिने तो तेवढ्या पट्ट्यात बंद पाडतात. हेब्रॉक, किम आणि मेल्टन यांनी १९९८मध्ये कोंबडीच्या गर्भावर हे दाखवले. नोटोकॉर्ड काढून टाकला की त्या पट्ट्यातही हेजहॉग उगवतो आणि स्वादुपिंडाची जनुके गप्प होतात. उलट, पीडीएक्स-१च्याच नियंत्रणाखाली हेजहॉग जबरदस्तीने चालू ठेवला तर कोंबाभोवतीची ऊती आतड्यासारखी होऊ लागते. थोडक्यात, स्वादुपिंडाची सुरुवात काहीतरी चालू होण्याने नव्हे, बंद होण्याने होते. मग नोटोकॉर्ड बाजूला सरतो, महाधमनी तिथे येते, आणि तिच्या भिंतीतल्या पेशी पुढचा इशारा देतात. रेटिनॉइक ॲसिड, म्हणजे अ जीवनसत्त्वापासून होणारा रेणू, यालाही पाठीच्या कोंबात मोठे काम आहे.

पोटाकडच्या बाजूला गोष्ट आणखी मजेची. तिथे शेजारी हृदय. तयार होऊ लागलेल्या हृदयातून येणारा एफजीएफ जवळच्या एंडोडर्मला यकृत व्हायला लावतो. ज्या पेशी त्या संदेशाच्या टप्प्याबाहेर राहतात त्या स्वादुपिंडाकडे जातात. केन झॅरेट यांच्या प्रयोगशाळेने २००१मध्ये दाखवले की या भागातल्या एंडोडर्मला कुणी काही सांगितले नाही तर तो आपण होऊन स्वादुपिंडाचीच वाट धरतो. यकृत आणि स्वादुपिंड यांचे हे जवळचे नाते लक्षात ठेवा, पुढे एका मानवी जनुकाच्या निमित्ताने ते परत येणार आहे.

आता पीडीएक्स-१. हे जनुक आधी बेडकात सापडले. मग सस्तन प्राण्यांत एका गटाला ते इन्शुलिन जनुकाच्या प्रमोटरवर (जनुकाच्या सुरुवातीच्या, ते चालू करणाऱ्या भागावर) बसणारे प्रथिन म्हणून मिळाले, तर दुसऱ्या गटाला सोमॅटोस्टॅटिनच्या प्रमोटरवर बसणारे म्हणून. कुणीही स्वादुपिंड घडवणारे जनुक शोधायला निघाले नव्हते. १९९४मध्ये स्वीडनमधल्या एडलुंड यांच्या गटाने ते जनुक काढून टाकलेले माउस तयार केले आणि पिल्ले स्वादुपिंडाशिवाय जन्मली. काही दिवसांत मेली. मास्टर जनुक ही ख्याती इथून आली. पण त्याच उंदरांच्या गर्भांचे पुढचे निरीक्षण फारसे कुणी सांगत नाही: पीडीएक्स-१ नसतानाही पाठीकडचा कोंब फुटतो, त्यात थोड्या ग्लुकागॉनच्या पेशीही दिसतात, आणि मग वाढ थांबते. म्हणजे कोंब फुटण्याचा निर्णय या जनुकाचा नाही. कोंब टिकवून वाढवण्याचे काम त्याचे. शिवाय ते जठराच्या शेवटच्या भागात आणि ड्युओडेनममध्येही (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) चालू असते, आणि तिथे काही स्वादुपिंड होत नाही.

माणसात हे १९९७मध्ये सिद्ध झाले. स्वादुपिंडाविना जन्मलेल्या एका बाळात पीडीएक्स-१च्या आई-वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रतींत डीएनएच्या एकाच अक्षराची गळती सापडली. त्याच कुटुंबातल्या ज्यांची एकच प्रत बिघडलेली होती त्यांचे स्वादुपिंड जागेवर होते, पण त्यांच्यात तरुणपणी येणारा मधुमेह पिढ्यान्‌पिढ्या चालत होता. आज आपण त्याला मोडी-४ म्हणतो (मोडी म्हणजे एकाच जनुकातल्या दोषाने तरुणपणी येणारा मधुमेह). कारण सरळ आहे. गर्भात प्रोजेनिटर पेशी वाढवणारे हेच जनुक प्रौढ बीटा पेशीत इन्शुलिनचे जनुक चालू ठेवायच्या कामी असते. प्रौढ माउसच्या फक्त बीटा पेशींतून ते काढले तरी मधुमेह होतो. जनुक एक, पण गर्भातल्या आठवड्यात त्याच्या हाताखाली वेगळी जनुके आणि चाळिसाव्या वर्षी वेगळी. कोणत्या वेळी डीएनएचा कोणता भाग उघडा आहे आणि सोबतीला दुसरे कोणते प्रथिन आहे, यावर ते ठरते.

पीटीएफ१एची गोष्ट मला पीडीएक्स-१पेक्षा जास्त शिकवून जाते. २००२मध्ये माउसवर झालेल्या कामात हे जनुक बंद करून त्या पेशींचा माग काढला, तेव्हा पेशी मेलेल्या नव्हत्या. त्या ड्युओडेनमच्या अस्तरात सामील होऊन आतड्याच्या झाल्या होत्या. स्वादुपिंड होता आले नाही म्हणून पेशी संपत नाही, शेजारची वाट धरते. माणसात पीटीएफ१एच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर स्वादुपिंड आणि लहान मेंदू दोन्ही तयार होत नाहीत, कारण हे जनुक दोन्हीकडे लागते. २००४मध्ये हे कळले. पण अशीही कुटुंबे होती की जिथे बाळाला स्वादुपिंड नाही, लहान मेंदू मात्र ठीक, आणि जनुकाचा प्रथिन लिहिणारा भाग तपासला तर निर्दोष. कोडे २०१४मध्ये सुटले. पीटीएफ१एपासून सुमारे २५ हजार अक्षरे पुढे, कुठलेच प्रथिन न लिहिणारा साधारण ४०० अक्षरांचा एक तुकडा आहे. दहा कुटुंबांत दोष त्या तुकड्यात निघाला. तो एन्हान्सर आहे, म्हणजे लांबून जनुक चालू करणारा भाग, आणि तो फक्त स्वादुपिंडाच्या प्रोजेनिटर पेशींत जागा असतो. लहान मेंदूकडे पीटीएफ१एला चालू करणारे दुसरे तुकडे आहेत, म्हणून तो वाचला.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे जनुके तीच असून पेशी वेगळ्या कशा, याचे याहून नेमके उदाहरण माझ्या माहितीत नाही. जनुक सगळीकडे तेच. त्याला कुठे आणि केव्हा बोलावायचे हे सांगणारे तुकडे वेगवेगळे.

यात एक व्यवहाराची गोष्टही दडलेली आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मधुमेह निघाला तर तो सहसा टाइप-१ नसतो, एकाच जनुकातल्या दोषाचा असतो, आणि जनुकीय तपासणी करायलाच हवी. पण बरीच पॅनेल, म्हणजे अनेक जनुके एकत्र तपासणाऱ्या चाचण्या, फक्त प्रथिन लिहिणारा भाग वाचतात. सोनोग्राफीत स्वादुपिंड दिसत नाही, विष्ठेतले इलास्टेज हे स्वादुपिंडाचे एन्झाइम फार कमी, वजन वाढत नाही, आणि पॅनेल मात्र ‘निगेटिव्ह’, असे असेल तर हा एन्हान्सर वाचला होता का, हे प्रयोगशाळेला स्पष्ट विचारावे. दोष दोन्ही प्रतींत असावा लागतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत अशी शक्यता वाढते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अजून अनेक घरांत रीतीचे मानतात, त्यामुळे बालरोगतज्ज्ञांनी हा प्रश्न संकोच न करता विचारलेला बरा. स्वादुपिंडच नसलेल्या बाळाला इन्शुलिनबरोबर पाचक एन्झाइमही द्यावी लागतात. ती राहून गेली तर साखर आटोक्यात येऊनही बाळ अंग धरत नाही.

उंदरांचे माणसाला किती लागू, याचे उत्तर: आराखडा बराचसा, तपशील नाही. गाटा-६ हे जनुक पाहा. माउसमध्ये याची एक प्रत गेली तर स्वादुपिंडाला काही होत नाही; स्वादुपिंड नाहीसे करायला गाटा-४ आणि गाटा-६ दोन्ही पूर्ण काढावी लागतात. म्हणून वर्षानुवर्षे या जनुकाकडे कुणी वळून पाहिले नाही. २०१२मध्ये स्वादुपिंड नसलेल्या २७ रुग्णांची तपासणी झाली आणि त्यांतल्या १५ जणांत गाटा-६ची एकच प्रत बिघडलेली मिळाली. निम्म्याहून जास्त! बहुतेकांना हृदयाचे जन्मजात दोषही होते. माणसाला त्या प्रथिनाची अर्धी मात्रा पुरत नाही, माउसला पुरते. त्यातही एकाच घरात तोच दोष असून एकाला स्वादुपिंड नाही आणि दुसऱ्याला फक्त उशिरा आलेला मधुमेह, असे दिसते. मात्रा काठावर असली की बाकीच्या लहानसहान गोष्टी पारडे झुकवतात. प्लेटमध्ये वाढवलेल्या मानवी पेशींत रेटिनॉइक ॲसिडचे प्रमाण थोडे बदलले तरी गाटा-६च्या एका प्रतीचा परिणाम कमी-जास्त होताना दिसला आहे.

याहून पुढची गोष्ट झेडएनएफ-८०८ची. हे जनुक माउसमध्ये नाहीच. ते फक्त प्रायमेट वंशात, म्हणजे माकडे, वानर आणि माणूस यांच्या गटात आहे. २०२३मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की याच्या दोन्ही प्रती गेल्या तर माणसाला स्वादुपिंड होत नाही. हे जनुक करते काय? आपल्या डीएनएत जुन्या विषाणूंचे अवशेष जागोजागी पडलेले आहेत. त्यांतल्या एमईआर-११ नावाच्या एका गटाला हे प्रथिन दाबून ठेवते. ते नसले की हे तुकडे जागे होतात आणि आजूबाजूची यकृताची जनुके चालू करतात. पेशी स्वादुपिंडाऐवजी यकृताकडे ओढल्या जातात. पोटाकडच्या कोंबात यकृत आणि स्वादुपिंड यांची जी शेजारची वाट मघाशी सांगितली, तिच्यावर पहारा ठेवायला माणसाला एक जनुक जास्तीचे लागले. उंदरांवर कितीही काम केले असते तरी हे हाती लागले नसते.

कोंब फुटल्यानंतरचा काळ संख्या वाढवण्याचा. भोवतालच्या मेसेन्काइम या सैल आधार-ऊतीतून एफजीएफ-१० येतो आणि प्रोजेनिटर पेशी विभाजन पावत राहतात. मेसेन्काइम काढून टाकले तर स्वादुपिंडाचे अस्तर प्लेटमध्ये वाढत नाही, हे गोलोसो आणि ग्रोबस्टीन यांनी १९६२मध्येच पाहिले होते. रेणूचे नाव कळायला पुढची चाळीसएक वर्षे गेली. पेशीच्या आत सॉक्स-९ हे जनुक हा साठा राखून ठेवते. ते गेले की साठा लवकर आटतो आणि स्वादुपिंड खुरटे राहते.

हा साठा किती महत्त्वाचा, हे २००७च्या एका प्रयोगाने पक्के केले. स्टँगर, तनाका आणि मेल्टन यांनी माउसच्या गर्भात स्वादुपिंडाच्या प्रोजेनिटर पेशींपैकी काही डिप्थेरियाच्या विषाने मारल्या. जन्मापर्यंत वेळ होता, उरलेल्या पेशींनी जास्त विभाजन करून तूट भरून काढायला हवी होती. काढली नाही. स्वादुपिंड कमी पेशींच्या हिशेबाने लहानच राहिले. यकृतावर तोच प्रयोग केला तर यकृताने तूट भरली. सुरुवातीच्या प्रोजेनिटर पेशींचा आकडा हाच स्वादुपिंडाच्या आकाराची मर्यादा ठरतो. एचएनएफ-१बी या जनुकाच्या दोषात, म्हणजे मोडी-५मध्ये, मूत्रपिंडातल्या सिस्टसोबत स्वादुपिंड लहान दिसते, ते का हे यावरून उमगते.

मग पहिली मोठी फाटाफूट. अस्तराला फांद्या फुटू लागतात आणि पेशींना टोक आणि खोड अशा दोन जागा मिळतात. टोकाला पीटीएफ१ए वरचढ, खोडाला एनकेएक्स-६.१ हे जनुक. दोघांचे पटत नाही: पीटीएफ१ए चढले की एनकेएक्स-६.१ दबते आणि उलटही. २०१०मध्ये साँडर यांच्या प्रयोगशाळेने ही परस्परविरोधी जोडी उघड केली. टोकाच्या पेशी सुरुवातीला तिन्ही प्रकार देऊ शकतात, नंतर त्या फक्त ॲसिनर होतात. खोडाच्या पेशी नलिका तरी होतात किंवा बेटांच्या पेशी तरी. ध्यानात घ्या, जे पीटीएफ१ए आधी संपूर्ण स्वादुपिंडाला हवे होते, तेच काही दिवसांनी इन्शुलिनच्या वाटेतला अडसर होते. ‘हे जनुक अमुकसाठी’ अशी तक्त्यातली वाक्ये म्हणूनच मला खटकतात. त्यात दिवस लिहिलेला नसतो.

खोडातल्या पेशीने हॉर्मोनची वाट धरायची तर न्यूरोजेनिन-३ चालू व्हावे लागते. २०००मध्ये ग्रॅडवोल आणि गियेमो यांच्या गटाने हे जनुक नसलेले माउस तयार केले. स्वादुपिंड होते, पाचकरस होता, बेटांची एकही पेशी नव्हती. पिल्ले मधुमेहाने जन्मानंतर दोन-तीन दिवसांत गेली. हे जनुक जास्त वेळ चालू राहत नाही, थोड्या काळासाठी उसळी मारते आणि विझते. ती उसळी घेतलेली पेशी विभाजन थांबवते, अस्तर सोडून बाहेर पडते आणि बेट होऊ लागते.

पण खोडातल्या सगळ्याच पेशींनी उसळी घेतली तर साठा एका दिवसात संपेल. म्हणून नॉच हा शेजाऱ्यांतला संदेश आहे. एसटीत खिडकीतून आधी रुमाल टाकणाऱ्याची जागा धरली जाते आणि बाकीचे मुकाट मागे सरकतात, तसे हे चालते: ज्या पेशीत न्यूरोजेनिन-३ जरासे आधी वाढले ती आपल्या पृष्ठभागावर डेल्टा प्रथिन मांडते, शेजारणीतले नॉच त्याला भिडते, शेजारणीत एचईएस-१ हे जनुक चढते आणि तिचे न्यूरोजेनिन-३ दाबते. शेजारीण प्रोजेनिटर राहते, उद्यासाठी. नॉचचा हा दाब काढून टाकलेल्या माउसमध्ये सगळ्या पेशी घाईने बेटांच्या होतात आणि अवयव मात्र पिटुकला राहतो.

इथेही वेळेचा हिशेब आहे. ग्रापाँ-बोताँ यांच्या गटाने २००७मध्ये न्यूरोजेनिन-३ आपल्या मर्जीच्या दिवशी चालू करता येईल असे माउस केले. लवकर चालू केले तर जवळजवळ फक्त ग्लुकागॉनच्या पेशी मिळाल्या, थोडे उशिरा केले की इन्शुलिनच्या, आणखी उशिरा सोमॅटोस्टॅटिनच्या. जनुक तेच, हुकूम तोच; पण ऐकणारी पेशी रोज बदलत गेलेली. त्यानंतरची अल्फा की बीटा ही निवड मुख्यतः एआरएक्स आणि पॅक्स-४ या जोडीच्या ओढाताणीत होते: एआरएक्स जिंकले तर अल्फा, पॅक्स-४ जिंकले तर बीटा. मग न्यूरो-डी१, एनकेएक्स-२.२, आरएफएक्स-६, एमएएफ-ए या जनुकांची रांग लागते. तिच्यात इथे शिरत नाही. एक फरक मात्र सांगतो. माउसच्या प्रौढ बीटा पेशीत एमएएफ-बी मावळून एमएएफ-ए राहते, माणसाच्या प्रौढ बीटा पेशीत दोन्ही राहतात. आणि माउसमध्ये हॉर्मोन पेशींची जी लवकरची पहिली लाट येते ती माणसात दिसत नाही. माणसात इन्शुलिनच्या पेशी साधारण आठव्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात.

न्यूरोजेनिन-३ने माणसाच्या बाबतीत काही काळ सगळ्यांना कोड्यात टाकले होते. २००६मध्ये त्याचे दोष असलेली मुले सापडली. त्यांना जन्मापासून जीवघेणा अतिसार होता, कारण आतड्यातल्या हॉर्मोन पेशी नव्हत्या. पण नवजात अवस्थेत मधुमेह नव्हता. मग माणसाला बेटांसाठी हे जनुक लागतच नाही की काय? नंतर स्टेम सेलवर तपासले तेव्हा कळले की ते लागतेच. त्या मुलांतले दोष जनुक पुरते निकामी करणारे नव्हते, आणि उरलेल्या थोड्या कामावर बेटे कशीबशी उभी राहिली होती. पूर्ण निकामी दोष असलेल्या मुलांत जन्मतःच मधुमेहही दिसला.

आता प्लेट. हे सगळे ज्ञान खरे आहे का, याची परीक्षा इथे होते, कारण स्टेम सेलला आपण शेजार पुरवतो. गर्भातल्या नोडाल या संदेशाच्या जागी ॲक्टिव्हिन देऊन एंडोडर्म करायचा, नोटोकॉर्डच्या जागी हेजहॉग बंद करणारे सायक्लोपामाइनसारखे रसायन द्यायचे, मेसेन्काइमच्या जागी एफजीएफ, वर रेटिनॉइक ॲसिड, पुढे नॉच दाबणारे रसायन. २००६मध्ये नोव्होसेल कंपनीच्या दामूर आणि सहकाऱ्यांनी हा क्रम पहिल्यांदा पुरा केला. इन्शुलिन मिळाले, पण बऱ्याच पेशी एकाच वेळी इन्शुलिन आणि ग्लुकागॉन दोन्ही करत होत्या आणि ग्लुकोज वाढवले तरी ढिम्म. कारण पुढे उलगडले, आणि माझ्या लेखी या क्षेत्रातला तो सर्वांत उपयोगी धडा आहे: त्या पेशींत एनकेएक्स-६.१ येण्याआधीच न्यूरोजेनिन-३ चालू होत होते. घाई झालेली पेशी खऱ्या बीटा पेशीकडे जात नाही. क्रम उलटा, म्हणजे आधी पीडीएक्स-१ आणि एनकेएक्स-६.१ दोन्ही असलेली प्रोजेनिटर पेशी, मगच न्यूरोजेनिन-३, असा लावला तेव्हा २०१४मध्ये मेल्टन यांच्या गटाला आणि रेझानिया यांच्या गटाला ग्लुकोजला प्रतिसाद देणाऱ्या पेशी मिळाल्या.

जो कुणी हे काम हातात घेणार असेल त्याला मी पहिल्या दिवशी इन्शुलिनची अँटिबॉडी हाती देत नाही. या क्रमातल्या चौथ्या, म्हणजे प्रोजेनिटर पेशींच्या टप्प्याच्या शेवटी पीडीएक्स-१ आणि एनकेएक्स-६.१ दोन्ही असलेल्या पेशी किती, हे फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी मोजणाऱ्या यंत्रावर) पाहायला लावतो. तो आकडा वाईट असेल तर पुढचे महागडे टप्पे करण्यात अर्थ नाही. दुसरे, पेशी किती दाट पेरल्या याची नोंद रोज ठेवायला सांगतो. २०१८मध्ये सेंब यांच्या गटाने दाखवले की प्रोजेनिटर पेशीला पसरायला जागा मिळाली तर ती नलिकेकडे झुकते आणि कोंडलेली पेशी हॉर्मोनकडे. पेशीबाहेरच्या आधारद्रव्याची पकड इंटेग्रिन आणि वायएपी-१ या प्रथिनांमार्फत आत पोचते आणि नॉचला बळ देते. पेशीच्या आतला ॲक्टिन प्रथिनाचा सांगाडा लॅट्रन्क्युलिन या रसायनाने नेमक्या वेळी सैल केला तर न्यूरोजेनिन-३ वाढते, हेही २०२०मध्ये दिसले. म्हणजे दोन प्लेटांत मीडियम (पेशी वाढवायचे द्रव) तेच, जनुके तीच, आणि निकाल वेगळा, असे झाले तर दर वेळी रसायनाला दोष देऊ नये.

पेशी घडवता आल्या तरी अख्खा अवयव अजून प्लेटमध्ये होत नाही. अवयव हवा तर अजून गर्भच लागतो. नाकाउची यांच्या गटाने २०१०मध्ये पीडीएक्स-१ नसलेल्या माउसच्या गर्भात रॅटच्या, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराच्या, स्टेम सेल सोडल्या आणि रिकाम्या जागी रॅटच्या पेशींचे स्वादुपिंड वाढले. २०१७मध्ये उलट केले: रॅटमध्ये माउसच्या पेशींचे स्वादुपिंड. ते रॅटच्या मापाचे झाले, आणि त्याची बेटे मधुमेही माउसमध्ये बसवली तर वर्षभराहून जास्त साखर ताळ्यावर राहिली. माउसच्याच पेशी, पण मोठ्या शेजारात मोठा अवयव.

रुग्णांपर्यंत पोचलेली गोष्ट मात्र पेशींचीच आहे. व्हर्टेक्स कंपनीच्या स्टेम सेलपासून केलेल्या बेटांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२५मध्ये प्रसिद्ध झाले: टाइप-१ मधुमेहाच्या ज्या १२ जणांना पूर्ण मात्रा मिळाली, त्यांपैकी १० जणांना एका वर्षाच्या टप्प्यावर बाहेरून इन्शुलिन घ्यावे लागत नव्हते. त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात, म्हणून हा उपचार सध्या तरी गंभीर हायपोग्लायसेमिया (रक्तातली साखर धोकादायक कमी होणे) असणाऱ्यांपुरताच विचारात आहे. ‘स्टेम सेलने मधुमेह बरा’ अशी जाहिरात करून स्वतःच्याच चरबीतल्या किंवा अस्थिमज्जेतल्या पेशी टोचणाऱ्यांचा याच्याशी काहीही संबंध नाही. त्या पेशी वर सांगितलेल्या एकाही टप्प्यातून गेलेल्या नसतात.

आणि स्टेम सेलपासून बीटा पेशी करण्याच्या उत्तम प्रोटोकॉलमध्येही आज एक भलतीच पेशी तयार होते. २०१९मध्ये पेशी एकेक करून वाचल्या तेव्हा बीटा आणि अल्फा यांच्या बरोबरीने सेरोटोनिन हा संदेशवाहक रेणू करणारा, आतड्याच्या अस्तरातल्या एन्टरोक्रोमाफिन पेशींसारखा एक गट सापडला. बीटा पेशी आणि या पेशी एकाच प्रोजेनिटर अवस्थेतून, न्यूरोजेनिन-३च्या उसळीनंतर वेगळ्या होतात. शरीरात स्वादुपिंडाच्या पेशीला आतड्याकडे जाऊ न देणारे जे काही आहे, त्यातला कोणता तरी भाग आपल्या मीडियममध्ये नाही. विद्यार्थ्याला प्रकल्प हवा असेल तर मी हा देईन: पीटीएफ१ए नसलेल्या माउसच्या पेशी आतड्यात शिरतात त्या वाटेवरची जनुके आणि प्लेटमधल्या या सेरोटोनिन पेशींतली जनुके शेजारी ठेवून पाहा. दोन्हींचा डेटा उघड्यावर उपलब्ध आहे, सुरुवातीला पिपेटही लागणार नाही.